गौराक्का गवंडी

गौराक्का कुणाच्याही घरात शिरली की आधी माणसांकडं बघत नसे, जमिनीकडं बघे. उंबऱ्याबाहेर चपला काढायच्या, पदर कमरेला खोचायचा आणि अनवाणी तळवे फरशीवर घासत, अगदी सावकाश, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत जायचं. मग खाली बसून एखाद्या फरशीवर बोटांची पेरं वाजवायची आणि कान द्यायचा. घरातली माणसं चहाचा कप हातात घेऊन ताटकळलेली असत, तिचं लक्ष नसे. "पोकळ हाय," ती म्हणे. "खाली चुना पोचलाच न्हाई. कुणी बसवली ही?" ज्यानं बसवलेली असे तो गवंडी बहुधा त्याच गल्लीत राहत असे. त्यामुळं बसवकल्याणातल्या निम्म्या गवंड्यांचं तिच्याशी वाकडं होतं आणि उरलेल्या निम्म्यांशी तिनं स्वतःहून वाकडं घेतलं होतं.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच घरात. मी तिथल्या मराठी शाळेत शिक्षिका होते. लग्न केलं नव्हतं, पुढंही केलं नाही. घरात मी आणि माझे वडील, बाबा. म्हैसूर राज्याचं कर्नाटक होऊन थोडेच दिवस झाले असतील. आम्ही दोन खोल्या बांधायला काढल्या होत्या. भिंती उभ्या राहिल्या, वर पत्रे चढले आणि आमचा गवंडी पाहुण्यांच्या लग्नाला म्हणून गेला तो परत आलाच नाही. शहाबादी फरश्यांची थप्पी अंगणात पडून राहिली. शाळेतला शिपाई म्हणाला, एक गवंडीण आहे, पण... आणि घुटमळला. मी विचारलं, पण काय, काम चांगलं नाही? तो म्हणाला, "काम नंबरी हाय, बाई. बाकीचं तुमीच बगा."

दुसऱ्या दिवशी ती आली. उंच, रुंद खांद्याची, पोपटी रंगाची साडी, वेणीत अबोलीचा गजरा, कपाळावर विभूतीची तीन बोटं आणि त्याखाली ठसठशीत कुंकू. गळ्यात लिंगाची चांदीची डबी. गालावर पावडर होती आणि पावडरीखाली दाढीचा हिरवट रंग दिसत होता. खांद्याच्या पिशवीतून थापीचा दांडा बाहेर आलेला. मी बघत राहिले, बाबाही बघत राहिले. तिनं आम्हाला पुरेसा वेळ दिला. मग जाडसर आवाजात म्हणाली, "बगून झालं आसंल तर फरश्या बगू का?"

काम सुरू करण्याआधी ती हातातल्या काचेच्या बांगड्या कोपराकडं सरकवायची आणि त्यांच्यावर जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळायची. चुना लागला की काच आंधळी होते, असं तिचं म्हणणं. मग उकिडवं बसून ती फरशी उचलायची, ठेवायची, थापीच्या दांड्यानं ठोकायची, पुन्हा उचलायची. भांडायला तिला कानडी लागे, वाण्याशी घासाघीस करायला उर्दू आणि गप्पांना मराठी. आमच्याकडं ती बहुतेक मराठीच बोलली. एकदा बाबांनी पाण्याचा तांब्या जमिनीवर सांडला तर ती हात धुवायचे सोडून पाण्यामागं निघाली. "मोरीकडं जायलंय का बगू द्या," म्हणाली. पाणी मोरीकडं गेलं. तिनं एवढ्या समाधानानं मान हलवली की तांब्या मुद्दाम सांडला असता तरी चाललं असतं असं बाबांना वाटलं.

तिची हकिगत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. हुलसूरच्या वाटेवर तिचं गाव. वडील लिंगायत, गवंडीकाम करणारे. थोरल्या मुलाचं नाव त्यांनी शिवराज ठेवलं होतं आणि हातात धरता येईल त्या वयापासून त्याला थापी दिली होती. शिवराजला पहिल्यापासून ठाऊक होतं की आपण शिवराज नाही. मिसरूड फुटल्यावर ते लपवणं जमेना. एका उन्हाळ्यात ते घर सुटलं. गुलबर्ग्याला तिच्यासारख्यांच्याच एका गुरूच्या घरी आसरा मिळाला, तिथंच गौरी हे नाव मिळालं, साडी मिळाली. गुरूविषयी ती कायम हात जोडून बोले. पण जोगवा मागणं, दुकानासमोर टाळी वाजवणं तिला जमलं नाही. "वाईट न्हाई त्ये," ती म्हणायची. "माज्या बहिणी त्येच्यावरच जगायल्या. पर माज्या हाताला टाळीच येईना. इटा दिसल्या की हात तिकडंच जायाचा." शेवटी गुरूनंच तिला सांगितलं, जा बाई, तुझं काम कर. ती बसवकल्याणला आली आणि एक खोली धरून राहिली. स्वतःविषयी विचारलं की ती एवढंच म्हणे, "नाव गुरूनं दिलं, हात बापानं दिले."

सुरुवातीला एका ठेकेदाराकडं ती कामाला गेली होती. आमच्या भागात बांधकामावर बायका असतात त्या पाटी उचलायला. थापी गड्याच्याच हातात असते. ठेकेदार म्हणाला, साडी नेसलीस ना, मग पाटी उचल, थापी हितं ठेव. हे सांगताना गौराक्का हसायची. "गडी हुते तवा ह्योच मला मिस्त्री म्हणत हुता. साडी नेसल्याबरुबर माजे हात इसरले का काय?" तिनं त्याला कानडीत जे सांगितलं ते मला लिहिता येणार नाही. त्यानंतर ती एकटीनंच कामं घेऊ लागली. चुना तीच कालवी, पाटी तीच वाही, फरशी तीच बसवी. गल्लीतल्या बायका तिला चूल घालायला बोलवत आणि चूल लिंपून झाली की तिथंच बसवून घेत. नवऱ्याच्या तक्रारी तिला सांगण्यात त्यांना कसली अडचण वाटत नसे. मात्र संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलावणं नसे. मी एकदा चिडून त्याबद्दल बोलले तर म्हणाली, "जाऊ द्या की. चूल तरी माज्या हातची हाय त्यांच्या घरात."

बाबांचं आणि तिचं जुळलं ते भांडणातून. आम्ही बौद्ध. धर्मांतर केलं त्या वर्षी बाबांनी कातड्याच्या कामाची घरातली सगळी हत्यारं, रापी, आरी, सगळं नदीत नेऊन टाकलं होतं. नदीला तेव्हा गुडघाभरच पाणी असावं, पण बाबा सांगत ते पूर आल्यासारखं. हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस होता आणि तो त्यांनी गौराक्कालाही सांगितला.

"सगळं टाकलं बग," बाबा म्हणाले. "कायबी ठिवलं न्हाई. तू मातर गंमतच केलीस. नाव टाकलंस, कापडं टाकलीस, घर टाकलंस, आन थापी तेवढी संगं घिऊन आलीस."

गौराक्का चुना कालवत होती. "तुमच्यावर लादलं हुतं, काका," ती म्हणाली. "मला दिलं हुतं."

"दिलं कुणी? ज्यानं घरातून काडलं त्यानंच ना?"

"व्हय. काडलं त्यानं, दिलं बी त्यानंच. दोनी खरं हाय. यक खरं हाय म्हणून दुसरं खोटं कामून म्हणू?"

बाबांना हे पटलं नाही. ते माझ्यासारखेच हट्टी होते. पण त्या दिवसापासून गौराक्काला चहा देताना ते स्वतः उठून देऊ लागले. मला मात्र तिचं म्हणणं बरेच दिवस पुरलं. आम्ही जुनं टाकून मोकळे झालेले लोक. आमच्या जुन्यात ठेवण्यासारखं काही असेल असं वाटायला कुणी जागाच ठेवली नव्हती. तिच्या जुन्यात तिचे वडील होते.

त्या वडिलांबद्दल ती बोलायला लागली की मी वह्या तपासायच्या थांबवत असे. लिंगायतांत मृताला जाळत नाहीत, बसवून माती देतात. खड्डा खणायचा आणि खड्ड्याच्या एका भिंतीत आत देवळी कोरायची, माणूस मांडी घालून बसेल एवढी. तिथं त्याला लिंग हातात देऊन बसवायचं आणि मग पुढचा खड्डा बुजवायचा. भोवतालच्या गावांत ही देवळी कोरायचं काम तिचे वडील करत. मुरमाड जमिनीत देवळी आपोआप उभी राहते. काळ्या मातीत ती ढासळते, आणि ढासळली की सगळी माती माणसाच्या तोंडावर येते. ती ढासळू नये म्हणून कुठं किती कोरायचं, वरच्या बाजूला फरशी कशी रोवायची, हे त्यांनी थोरल्या लेकाला शिकवलं होतं. "देवळी झाली की अप्पा मला म्हणायचा, शिवा, आत बसून बग," ती सांगायची. "मी जाऊन बसायचे. डोस्कं लागतंय का, गुडगा आडतोय का, समदं सांगायचे. भ्या कसलं? बाहेर अप्पा हुता की."

धाकटा भाऊ मल्लू दम्याचा, त्याला मातीचं काम झेपत नसे. त्यानं किराणा दुकान घातलं. वडिलांची विद्या गौराक्काबरोबर घराबाहेर पडली होती.

बाहेर पडताना वडिलांनी तिला एवढंच सांगितलं होतं: या उंबऱ्यात गडी म्हणून यायचं, नाहीतर यायचं नाही. आई, म्हणजे तिची अव्वा, गावाला सांगत आली की शिवा हैदराबादला मोठ्या बिल्डिंगांच्या कामावर आहे. गौराक्काला आयुष्यात हवं होतं ते एवढंच, त्या उंबऱ्यातून एकदा साडी नेसून आत जायचं आणि अव्वाच्या हातचा चहा प्यायचा. मी म्हटलं, एकदा धोतर नेसून जा, भेटून तरी ये. ती म्हणाली, "गेले तर अव्वा चा पाजंल, बाई. पर त्यो चा शिवाला मिळंल. मला न्हाई."

वडील मधूनमधून कल्याणला बाजाराला येत. बसस्टँडजवळच्या हॉटेलात ते बसतात हे कळल्यावर ती एकदा समोर जाऊन उभी राहिली. त्या दिवशी तिथून ती थेट आमच्याकडं आली. चेहऱ्यावरून मला कळेना की काही चांगलं झालंय की वाईट.

"बोलले का?" मी विचारलं.

"न्हाई. तोंडाकडं बगितलं बी न्हाई." मग तिनं स्वतःचे दोन्ही हात पुढं धरले. चुन्यानं तळव्यांना भेगा पडलेल्या होत्या, नखं पांढरी झाली होती. "हाताकडं बगितलं त्यानं. लई येळ बगितलं. काम करायले म्हणून कळलं आसंल न्हवं त्येला?"

मी हो म्हटलं. तेवढ्यावर तिनं पुढची कित्येक वर्षं काढली.

पावसाळा संपत आला होता त्या वेळची गोष्ट. रविवार होता. गौराक्का आमच्या मोरीची फरशी बदलत होती. दुपारी एक माणूस धापा टाकत दारात आला, काखेत गाठोडं. तो मल्लू होता. तिच्या खोलीवर जाऊन, विचारत विचारत आमच्याकडं पोचला होता. त्याला बोलता येईना, बाबांनी त्याला पाणी दिलं. पहाटे वडील गेले, लिंगैक्य झाले होते. सकाळपासून खड्डा चालला होता. पावसानं जमीन भिजलेली, देवळी कोरली की ढासळत होती, एक गडी मातीत दबता दबता वाचला होता. ते काम येणारं भोवतालच्या गावांत आता कुणी उरलं नव्हतं.

त्यानं गाठोडं सोडलं. आत वडिलांचं धोतर, सदरा आणि डोक्याला बांधायचा रुमाल होता.

"आण्णा म्हणून चल," तो म्हणाला. "पाया पडतो. अव्वा तिकडं प्रेतापाशी बसलीय. गाव जमलाय. तिनं समद्यांला हैदराबाद सांगितलंय. तू आशी आलीस तर ती जीव दील."

मला राग आवरेना. ज्या माणसाला वर्षानुवर्षं दारात उभं केलं नाही त्याला आता त्याचे हात लागतात म्हणून बोलवता, आणि तेही सोंग घेऊन, असं मी बरंच काही बोलले. मल्लूनं मान खाली घातली. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो ते पुसतही नव्हता.

गौराक्का मोरीत तशीच बसून होती. तिनं एकच विचारलं. "माती कसली लागलीय? समदी काळी, का खाली मुरूम हाय?"

"समदी काळी."

ती उठली. हात धुतले, बांगड्यांवरची चिंधी सोडली आणि माझ्यासमोर हात धरला. "तेल आना, बाई. फोडायच्या न्हाईत मला." मी तेल आणलं. तिच्या रुंद तळहातावरून मी एकेक बांगडी काढली. ती भिंतीकडं बघत होती. मग ती आत गेली आणि बाहेर आली तेव्हा अंगावर धोतर-सदरा होता, केस रुमालात घट्ट बांधलेले, कपाळावर फक्त विभूती. समोर एक वयस्कर, थकलेला गडी उभा होता. मी त्याला ओळखत नव्हते.

"बाई, तुमी बी चला," ती म्हणाली. "मला गौरी म्हणून वळकणारं यक मानूस पायजे तितं. बोलू नका कायबी. नुसतं आसा."

बाबा म्हणाले, जा. मी गेले. हुलसूरच्या गाडीत आम्ही तिघं बसलो. वाटेत तिनं मल्लूला एकदाच विचारलं, कट्ट्याच्या फरश्या अजून आहेत का. त्यांच्या घरापुढचा कट्टा तिनं आणि वडिलांनी मिळून बांधला होता. मल्लू म्हणाला, आहेत. "मंग चार गडी लावून त्या काड. देवळीला लागत्याल."

ती घरी न जाता तशीच मातीच्या जागेकडं गेली. त्या गावात बायका तिकडं जात नाहीत, म्हणून मी घरात. मी कोण, कुठली, हे कुणी विचारलं नाही. त्या दिवशी विचारायला कुणाला सवड नव्हती. सोप्यात भिंतीला टेकवून अप्पांना बसवलं होतं. अंगभर विभूती, गळ्यात हार, मिटलेले डोळे. भजन चालू होतं. शेजारी अव्वा बसली होती, एवढीशी, वाळलेली. सुनेनं वाकून तिच्या कानात सांगितलं, शिवाभावजी आले.

अव्वानं मान वर केली. "कसा आला? धोतर नेसून आलाय?"

"व्हय अव्वा. धोतर नेसून."

त्या बाईचा चेहरा मला अजून दिसतो. नवरा शेजारी बसवलेला असताना तिचे डोळे आनंदानं भरून आले. ती भोवतालच्या बायकांना सांगू लागली, माझा शिवा आला, हैदराबादहून आला, बापाला माती द्यायला आला. सांगताना रडू लागली, आणि ते रडणं नवऱ्यासाठी होतं की लेकासाठी हे तिलाही सांगता आलं नसतं.

दिवस कलायच्या आत देवळी झाली. अप्पांना न्यायला माणसं आली, त्यांच्या मागं गौराक्का होती, छातीपर्यंत काळ्या मातीनं भरलेली. अव्वा धडपडत उठली आणि तिनं दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं. "आलास रं माज्या बाबा," म्हणाली. "लई वाट बगायला लावलीस." गालावरची माती ती पदरानं पुसत होती. आईच्या त्या हातांसाठी गौराक्का वर्षानुवर्षं तळमळली होती, आणि ते हात आता तिच्या चेहऱ्यावर होते. अव्वाच्या खांद्यावरून तिनं माझ्याकडं पाहिलं. मला तिला हाक मारावीशी वाटली, पण बोलू नका असं तिनं सांगितलं होतं.

माती झाल्यावर ती परत आली. निघताना अव्वानं हात सोडला नाही. "आता मला सोडून ऱ्हाऊ नको. म्हैन्यातनं यकदा तरी येत जा. मी अजून किती दिवस हाय?" गौराक्कानं मान हलवली. मल्लू आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आला. तिथं त्यानं तिच्या पायाला हात लावला आणि तसाच मागं फिरला.

आणि ती जात राहिली. महिन्यातून एकदा, अव्वा होती तोवर. सकाळी आमच्याकडं यायची, मी तेल आणायची, बांगड्या उतरायच्या, माझ्या कपाटात जायच्या. धोतर, सदरा, रुमाल. संध्याकाळी परत येऊन बांगड्या पुन्हा चढवायच्या. मी एकदा म्हटलं, अव्वाला आता सांगून टाक, आई आहे, घेईल समजून. तिनं फरशीवरचा चुना नखानं खरवडत उत्तर दिलं, "अव्वाला शिवा पायजे, मला अव्वा पायजे. दोगींपैकी यकीनं तरी पोटभर जेवावं की."

अव्वाच्या गोष्टी ती आम्हाला रंगवून सांगे. अव्वा तिच्यासाठी मुली बघत होती. केस पिकायला लागलेल्या लेकासाठी भालकीकडची एक घटस्फोटित तिनं नक्की केली होती. "रंग जरा सावळा हाय म्हणं," गौराक्का सांगायची आणि बाबा आणि ती मिळून हसायचे. नंतर ती मोरीकडं तोंड करून उगीचच पाणी ओतत उभी राहायची. अव्वा चहा करायची, बशीत ओतून द्यायची. "कसा असतो चहा?" मी एकदा विचारलं. "चांगला आस्तो," ती म्हणाली. "साकर लई घालती. शिवाला गोड आवडायचा."

अव्वा गेली तेव्हा बाबा अंथरुणाला खिळलेले होते, त्यामुळं मला जाता आलं नाही. ती एकटीच गेली. देवळी तिनंच कोरली. परत आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी, धोतरातच. बांगड्या मागितल्या नाहीत. स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली. मी चहा ठेवला. तिनं न विचारता सांगायला सुरुवात केली.

"अप्पाला माती दिली त्या दिशीचं तुमाला सांगितलं न्हवतं," ती म्हणाली. "देवळीत बसवायला यकच मानूस आत मावतंय. मी उतरले हुते. वर जंगम अय्या हुते, लहानपनी मला त्यांनीच लिंग बांदलेलं. वाकून म्हणाले, लिंग बांदताना पोरगं का पोरगी मी बगितलं न्हवतं, आज बी बगत न्हाई, जा. बास. मला लई जोर आला. आत नेऊन अप्पाला बसवलं, मांडी नीट केली, लिंग हातात दिलं. वरनं कुणाला आतलं दिसंना. आमी दोगंच. मी रुमाल सोडला. केस सोडले. म्हटलं, अप्पा, ही मी. तू शिकवल्याली. देवळी ढासळायची न्हाई, भिऊ नको."

चहा उतू गेला, मी गॅस बंद केला.

"डोळे मिटलेलेच हुते त्येचे," ती म्हणाली. "पर मी दावलं. मंग परत रुमाल बांदून वर आले."

"आणि काल?" मी विचारलं. "अव्वाला?"

मांडीवरच्या दोन्ही हातांत ती रुमालाचं टोक पिळत होती.

"तेच ठरवून गेलते. आत बसवलं तिला. किती हलकी झालती, बाई. रुमालाला हात लावला. आन मला आठवलं, धोतर नेसून आलाय का, आसं तिनं इचारलंतं म्हणून तुमीच सांगितलंत. इतकी वर्सं जी वाट बगितली ती शिवाचीच. सोताच्या पोटच्याला बगून ती हासत गेली. तिच्याम्होरं रुमाल सोडला आसता तर मेलेल्या मानसाचा लेक काडून घेतल्यावानी झालं आसतं." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मी म्हटलं, ऱ्हाऊ दे. शिवा तिचा हुता, तिला दिऊन टाकला. तिच्यासंगंच बसवून आले त्येला."

मग तिनं रुमाल सोडला. केस बरेच पांढरे झाले होते. मी तेल घेऊन आले आणि तिच्या मागं बसून ते विंचरले, वेणी घातली. ती पोरीसारखी मान खाली घालून बसली होती आणि आवाज न करता रडत होती. आतून बाबांनी विचारलं, कोण आलंय. मी म्हटलं, गौराक्का आलीय.

त्यानंतर ती बरीच वर्षं कल्याणात होती. कितीतरी घरांत फरश्या बसवल्या, पुष्कळ चुली घातल्या, भांडणंही केली. पण हुलसूरच्या गाडीत ती पुन्हा बसली नाही. मल्लू बोलवायला आला होता, बायको म्हणते साडी नेसून आलात तरी चालेल, असा निरोप घेऊन. गौराक्कानं त्याला पोटभर जेवू घातलं आणि सांगितलं, "आता कुणाकडं येऊ? तितं चा करणारी ऱ्हायली न्हाई."